ब्रसेल्सची शिष्टाई, ब्रिटनचा कौल

परराष्ट्रांशी वाटाघाटी करणाऱ्या नेत्याला दोन आघाड्यांवर लढावे लागते. समोरच्या पक्षाचे मन वळवणे ही पहिली आघाडी. आपल्या माणसांना तो तोडगा पटवणे ही दुसरी, आणि बहुधा अधिक अवघड. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांची २०१५-१६ मधील युरोपवारी याची साक्ष देते.

मे २०१५ मध्ये हुजूर पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले. युरोपीय महासंघातील सदस्यत्वाच्या अटी बदलून घ्यायच्या आणि मग सार्वमत घ्यायचे, हे आश्वासन आता पाळावे लागणार होते. २८ आणि २९ मे या दोन दिवसांत कॅमेरन यांनी हेग, पॅरिस, वॉर्सा आणि बर्लिन गाठले. या घाईमागे पूर्वानुभव होता. जून २०१४ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदी जाँ-क्लोद युंकर यांची निवड रोखण्याचा त्यांचा प्रयत्न २६ विरुद्ध २ असा फसला होता. सोबतीला उरला होता एकटा हंगेरी. आता तर २८ देशांची एकमुखी संमती हवी होती.

प्रत्येक राजधानीचे गणित वेगळे होते. ब्रिटनमध्ये लाखो पोलिश नागरिक राहत असल्याने त्यांच्या सवलतींना कात्री लावणे वॉर्साला मानवणारे नव्हते. लंडनच्या वित्तबाजाराला युरो-क्षेत्राच्या निर्णयांत आडकाठी करता येऊ नये, ही पॅरिसची चिंता होती. बर्लिनला ब्रिटन महासंघात हवाच होता. परंतु नागरिकांच्या मुक्त संचाराच्या तत्त्वाला धक्का लावून नव्हे. नोव्हेंबरमध्ये मागण्यांचे पत्र गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वॉर्सा, हॅम्बर्ग, पॅरिस अशा भेटींची दुसरी फेरी झाली आणि १९ फेब्रुवारीला ब्रसेल्समध्ये करार झाला.

निव्वळ मुत्सद्देगिरीच्या निकषावर हे यश लहान नव्हते. उत्तरोत्तर घनिष्ठ होत जाणाऱ्या संघाच्या ध्येयातून ब्रिटनला सूट मिळाली. नव्याने येणाऱ्या युरोपीय कामगारांच्या अर्थसाह्यावर चार वर्षांपर्यंत मर्यादा घालण्याची आणि ही तरतूद सात वर्षे वापरण्याची मुभा मिळाली. तथापि, मतदाराचा प्रश्न निराळाच होता. वार्षिक निव्वळ स्थलांतर एक लाखाच्या खाली आणण्याचे वचन कॅमेरन यांनीच दिले होते. २०१४ चा अधिकृत आकडा ३ लाख १८ हजार होता. मतदार संख्येविषयी विचारत होता, करार भत्त्यांविषयी बोलत होता.

युरोपने हात आखडता घेतला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. मुक्त संचार हा एकल बाजारपेठेचा पाया. एका पक्षाच्या अंतर्गत कलहासाठी तो इतर २७ देशांनी उखडावा, ही अपेक्षाच अवास्तव होती. शिवाय ज्या ब्रसेल्सला वर्षानुवर्षे दोष दिला, त्याचेच गुणगान चार महिन्यांत पटवून देणे कोणालाही जड गेले असते. करारानंतरच्या दोन दिवसांतच न्यायमंत्री मायकेल गोव्ह आणि लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन विरोधी गोटात उभे राहिले. मर्केल यांच्यासाठी जेवढा वेळ खर्ची पडला, तेवढा सहकाऱ्यांसाठी आधीच दिला असता तर कदाचित चित्र बदलले असते.

२३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. करार आपोआप रद्द झाला आणि कॅमेरन यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. या साऱ्यात ज्यांच्या भवितव्याचा सौदा चालला होता, त्या पोलिश कामगाराला सार्वमतात मत नव्हते. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र राष्ट्रकुलाच्या नियमामुळे ते होते. पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्यांचे हक्क कोणाच्या मर्जीवर टिकतात, याची जाणीव दिल्लीतील स्थलांतरितांनाही असेल.

परक्या राजधानीतून आणलेला होकार घरच्या नकारापुढे टिकत नाही. वाटाघाटींचा मसुदा बांधताना पहिली बैठक घरातच व्हावी लागते.