व्रताचा हप्ता

दर जूनला एक प्रश्न आमच्या दिवाळी अंकाच्या कार्यालयाचा जिना चढून येतो. यंदा तो पैठण तालुक्यातून आला. आमचे जुने वर्गणीदार, पिशवीत मुलाची गुणपत्रिका आणि एका खासगी संस्थेचे शुल्कपत्रक. “पोरगं पत्रकारितेला जायचं म्हणतंय. तीन लाख लागतील. बँक देते म्हणे. घालू का, साहेब?” मी चहा मागवला आणि दरवर्षीचेच उत्तर दिले: आवड असेल तर जरूर घाला, शेवटी हे व्रत आहे. ते समाधानाने गेले. मला मात्र त्या उत्तराची लाज वाटू लागली, ती दिवाळी आली तरी जाईना. म्हणून जूनमध्ये टाळलेला हिशेब आज मांडतो.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतो. म्हणजे शेत वाचते, गहाण पडते ते बापाचे नाव. तीन लाख, १० टक्के व्याज, सात वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,९८० रुपये. असे ८४ हप्ते. शिकत असताना साचलेले व्याज वेगळेच.

आता जमेची बाजू. आमची मुद्रिते तपासून देणारा एक पदवीधर तरुण दिवसा एका दैनिकात बातमीदारी करतो. हातात १४,००० पडतात. छत्रपती संभाजीनगरातल्या टीव्ही सेंटर भागात तिघांत एक खोली, त्याच्या वाट्याचे २,५०० भाडे. मेसचे ३,०००, पेट्रोलचे २,५००, मोबाइलचे ५००. त्यातून हप्ता गेला की उरतात ५२० रुपये. तेवढ्यात आजारी पडायचे नाही आणि दिवाळीला आईला लुगडे घ्यायचे नाही.

कायदा या मुलांच्या बाजूने नव्हता असे नाही. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ मध्ये झाला. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या आणि २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू असल्याचे स्पष्ट केले. पण हे वेतन मागायचे तर आपल्याच मालकाविरुद्ध उभे राहावे लागते, आणि पाच तारखेला ज्याचा हप्ता कापला जातो तो उभा राहत नाही.

माझी खरी तक्रार पगाराच्याही पलीकडची आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे मिळतात नाममात्र, घर चालते जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी पुरवणीचे टार्गेट घेऊन तो ज्या पुढाऱ्याच्या दारात शुभेच्छांची जाहिरात मागतो, त्याच पुढाऱ्याच्या ठेकेदाराने केलेला रस्ता पावसाळ्यात वाहून गेलेला असतो. हप्ता डोक्यावर असेल तर ती बातमी कोण देणार? पदवीचे कर्ज एकट्या पत्रकाराला बसत नाही, वाचकालाही बसते.

या शहराने व्रत पाहिले नाही असे कोण म्हणेल? आ. कृ. वाघमाऱ्यांनी निजामी राजवटीत ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र सुरू केले. पुढे त्याचे संपादक झालेल्या अनंत भालेरावांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी घेतली, आणीबाणीत तुरुंग भोगला. त्यांचे व्रत त्यांनी स्वतः घेतले होते. आज ते प्रवेशपुस्तिकेत शुल्कासह छापले जाते आणि पगाराच्या दिवशी ऐकवले जाते.

पत्रकारिता शिकू नये असे मी म्हणणार नाही. माहितीचा अधिकार वापरणे, अर्थसंकल्प वाचणे, न्यायालयाचा निकाल समजून घेणे, शुद्ध मराठी लिहिणे, हे शिकावेच लागते. पण त्यासाठी चकचकीत स्टुडिओचे भाडे बापाच्या नावावर काढू नये. संस्थेला तीनच प्रश्न विचारावेत: मागच्या तीन तुकड्यांतले किती जण बातमीच्या कामात आहेत? कोणत्या पगारावर? त्यातले आज किती टिकले? उत्तरादाखल समारंभाचे फोटो दाखवले, तर परतीची एसटी धरावी. आणि वृत्तपत्रांनी नोकरीच्या जाहिरातीत ‘वेतन पात्रतेनुसार’ लिहिणे सोडून आकडा छापावा.

आमचेही हात स्वच्छ नाहीत. या अंकाचे मानधन लेखकांना आजवर तिळगुळाबरोबर मिळत आले. यंदा लेख स्वीकारतानाच पाठवले आहे. त्यापायी आठ पाने कमी झाली, ती वाचक चालवून घेतील.

यंदा सप्टेंबरात मराठवाडा पाण्यात गेला. अंकाचा विषय ‘नदी’ त्याआधीच ठरला होता. नदीचा आणि पत्रकारितेच्या पदवीचा संबंध काय, असे विचाराल, तर एवढाच:

त्या पावसात मी पैठणच्या गृहस्थांना फोन केला. खरे उत्तर द्यायचे ठरवूनच केला होता. ते म्हणाले, “कापूस गेला. पण पोरानं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फोटो काढला, तो पेपरात आला बघा.” नाव आले का? नाही. पैसे? “पैसे कशाचे? पोरगं लई खूश आहे.”

आमचा सगळा धंदा या खुशीवर चालतो. चार महिने घोकलेला हिशेब मला त्या दिवशीही त्यांना सांगता आला नाही. ते हा अंक पहिल्या पानापासून वाचतात, म्हणून तो हिशेब इथे छापला आहे.