होर्मुझचे बेट, इस्फहानचा चौक आणि आपण

इराणबद्दल आपल्या समाजात साधारण दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहींना इराण म्हणजे अमेरिकेपुढे मान न झुकवणारा देश वाटतो, म्हणून तिथले सगळेच त्यांना बरोबर वाटते. काहींना इराण म्हणजे फाशी आणि सक्तीचा हिजाब, म्हणून तिथले सगळेच काळे. दोन्हीकडच्या बहुतेकांनी तो देश पाहिलेला नसतो. शिया बांधव मशहद आणि कुमच्या जियारतीला पिढ्यान्‌पिढ्या जातात, पण काफिल्याबरोबर जाऊन काफिल्याबरोबर परत येतात. बाकीच्यांची परदेशवारी उमरा आणि दुबईपाशी संपते.

मध्यंतरी एक संधी आली होती. ४ फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकाला इराणने व्हिसाशिवाय १५ दिवस राहण्याची मुभा दिली. २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती स्थगित झाली. त्याचे कारण आपण नीट समजून घेतले पाहिजे. नोकरीचे किंवा तिथून पुढे तिसऱ्या देशात पोचवण्याचे आमिष दाखवून दलालांनी भारतीय तरुणांना या सवलतीवर इराणला नेले. तिथे उतरल्यावर त्यांचे अपहरण करून घरच्यांकडून खंडणी मागितली गेली. त्याआधी जून २०२५ मध्ये इस्रायलबरोबर बारा दिवसांचे युद्ध झाले होते. तेव्हा आज कोणी उठून तिकीट काढावे, असे मी म्हणणार नाही. परराष्ट्र मंत्रालय थांबा म्हणत असेल तोवर थांबावे, आणि विनाव्हिसा पोचवतो म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नये. पण परिस्थिती निवळल्यावर जावे की नाही आणि गेल्यास काय पाहावे, याचा विचार आत्ता करता येतो. माझे मत स्पष्ट आहे. जावे, पण जियारतीच्या किंवा खरेदीच्या वाटेनेच नव्हे, आणि डोळे मिटून तर मुळीच नव्हे.

सुरुवात दक्षिणेच्या समुद्रापासून करू, कारण तो समुद्र आपल्याला परका नाही. आपल्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ हा फारसीतल्या ‘नाखुदा’वरून आला. ‘बंदर’ हा शब्दही तिकडचाच. बंदर अब्बासच्या समोर होर्मुझ नावाचे जेमतेम ४२ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तिथली माती लाल, पिवळी, जांभळी अशा अनेक रंगांची. लाल मातीचा गेरू तिथून बाहेर जातो, आणि गावातल्या बायका माशाच्या एका चटणीतही ही माती घालतात. याच बेटावर पोर्तुगीजांचा पडका किल्ला आहे. १५०७ मध्ये अल्बुकर्कने तो बांधायला घेतला आणि १५१५ मध्ये बेट पक्के ताब्यात घेतले. तिथून परतताना त्याच वर्षी गोव्याच्या किनाऱ्याजवळ तो वारला. पुढे शंभरेक वर्षे होर्मुझचा कारभार गोव्याच्या हुकमतीखाली चालला. १६२२ मध्ये शाह अब्बासने ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे मदतीला घेऊन पोर्तुगीजांना तिथून हुसकावले. गोव्यातले आणि वसईतले किल्ले पाहिलेल्या माणसाला होर्मुझचा किल्ला पाहिल्यावर आपला इतिहास केवढ्या मोठ्या पटावर घडला ते कळेल.

याच बेटाशी जोडलेली एक कथा फिरिश्ताने आपल्या इतिहासात दिली आहे. बहमनी दरबाराने शिराझच्या हाफिझला दख्खनला येण्याचे आमंत्रण धाडले. हाफिझ होर्मुझपर्यंत आला, जहाजावर चढला, पण वादळ उठलेले पाहून उतरला आणि परत घरी गेला. कथा सांगणारा फिरिश्ता स्वतः इराणात अस्तराबादला जन्मलेला, बालपण अहमदनगरला गेलेला आणि विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणारा. बीदरचा मदरसा बांधणारा महमूद गवानही गिलानचा. आज आपल्यापैकी किती जणांना ही नावे माहीत आहेत? नगर आणि बीदर यांना इराणशी जोडणारी ही माणसे आहेत. त्यांचा इतिहास केवळ मुसलमानांचा नाही. तो सगळ्या दख्खनचा आहे.

होर्मुझच्या शेजारी केश्म हे पर्शियन आखातातले सर्वांत मोठे बेट. मुंबईच्या दुपटीहून मोठे. वाऱ्यापावसाने कोरून काढलेली ताऱ्यांची दरी, सहा किलोमीटरहून लांब मिठाची गुहा आणि समुद्राच्या पाण्यात उभे असलेले हरा जंगल पाहायला लोक तिथे येतात. हे जंगल म्हणजे आपल्या खाड्यांतले तिवरच. शास्त्रज्ञांनी या झाडाच्या कुळाला इब्न सिनाचे नाव दिले आहे. हा महान हकीम आणि तत्त्वज्ञ बुखाऱ्याजवळ जन्मला आणि इराणच्या हमदानमध्ये दफन झाला. मुंबईच्या खाडीत भराव घालून आपण तीच तिवरे तोडतो आणि केश्मला जाऊन नावेतून त्यांचे फोटो काढतो, एवढा विरोधाभास तरी मनात यायला हवा.

केश्मवर बहुसंख्य लोक सुन्नी आहेत, आणि इराणच्या या किनाऱ्यावरचे सुन्नी आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणे मुख्यतः शाफई. शिया राष्ट्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातली ही वस्ती आहे. तिथल्या लाफ्त गावात घरांवर हवा खाली ओढणारे उंच बुरूज आहेत, आणि किनाऱ्यावर लेंज नावाची लाकडी गलबते बांधली जात. ही कारागिरी मरत चालली म्हणून युनेस्कोने २०११ मध्ये तिला तातडीने जपण्याच्या यादीत घातले. आपल्याकडे लाकडी गलबते बांधणाऱ्या सुतारांचे काय झाले, हे रत्नागिरी-रायगडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तिसरे बेट किश. तिथे मॉल, हॉटेले, स्वच्छ निळे पाणी आणि प्रवाळ आहेत. शाहच्या काळात ते श्रीमंतांच्या चैनीसाठी सजवले गेले, आता ते मुक्त व्यापार क्षेत्र आहे. ज्यांना दुबईच पुन्हा पाहायची आहे त्यांनी किशला जावे. माझी शिफारस होर्मुझ-केश्मची. होर्मुझवर मातीच्याच घुमटांची रंगीत वस्ती उभारताना स्थानिक मजुरांना काम शिकवून त्यांच्याकडून बांधून घेतले गेले. ‘मजारा’ नावाच्या या प्रकल्पाला २०२५ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आपला पैसा कोणाच्या हातात पडतो, हे पाहून मुक्काम निवडावा.

समुद्र सोडून आत शिरले की वाळवंटाच्या कडेला यझ्द लागते. हे शहर २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पाऊस नगण्य, तरी शहर शतकानुशतके जगले ते कनातांवर. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर, मैलोन्‌मैल आणायचे. याच जातीची करेज बीदरला आहे, आणि मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, भूमिगत नहर आणली तीही याच विद्येची नातलग. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांनी यझ्दच्या पाण्याच्या संग्रहालयात एक दिवस घालवावा.

यझ्दमध्ये जरथुस्त्री अग्निमंदिर आहे. इसवी सन ४७० च्या सुमारापासून तो अग्नी विझू दिलेला नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. आजची इमारत १९३४ ची, भारतातल्या पारशांच्या मदतीने बांधलेली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत आपण ज्यांच्याकडे ब्रून-मस्का खाल्ला त्यांचे आजे-पणजे याच यझ्द-केरमानच्या खेड्यांतून आले. ते का आले, याचे उत्तरही तिथेच मिळते. गरिबी होती, आणि बहुसंख्याकांच्या राज्यात अल्पसंख्याक म्हणून भोगावा लागणारा जाच होता. भारतात अल्पसंख्याक म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये.

इस्फहानबद्दल तिकडची म्हण आहे की इस्फहान म्हणजे निम्मे जग. शाह अब्बासने १५९८ मध्ये तिथे राजधानी नेली आणि ५६० मीटर लांब, १६० मीटर रुंद असा नक्शे-जहान चौक उभारला. एका बाजूला शाही मशीद, समोर बाजाराचे दार, एकीकडे राजवाडा आणि त्याच्या समोर शेख लुत्फुल्लाह मशीद. या छोट्या मशिदीला मिनार नाही आणि अंगणही नाही. मशीद अशीच असली पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्यांनी ती एकदा पाहावी. नदीपलीकडे आर्मेनियन ख्रिश्चनांचे जुल्फा आहे. शाह अब्बासने त्यांना सीमेवरून जबरदस्तीने उठवून आणले, आणि इथे वस्ती व चर्चसाठी जागाही दिली. त्यांच्या वांक चर्चचा घुमट बाहेरून मशिदीसारखा, आत भिंतीभर बायबलमधली चित्रे. इराणमधले पहिले पुस्तक १६३८ मध्ये याच आर्मेनियनांनी छापले. इतिहास असा जुलूम आणि आसरा एकाच वेळी दाखवतो, आणि दोन्ही मान्य करावे लागतात.

इस्फहानची झायंदे-रूद नदी आता वर्षातला बराच काळ कोरडी असते. तेहतीस कमानींच्या पुलाखाली भेगाळलेला चिखल दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाण्यासाठी हजारो शेतकरी याच कोरड्या पात्रात येऊन बसले होते, आणि अखेरीस पोलिसांनी बळ वापरून त्यांना हुसकावले. पुलाचा फोटो काढताना ही गोष्टही आठवावी.

हाच मुद्दा शिराझलाही लागू आहे. तिथे हाफिझ आणि सादीच्या मजारी आहेत, जवळच दारियसचे पर्सेपोलिस आहे. पण बहाई पंथाचे अग्रदूत मानले जाणारे बाब यांचे शिराझमधले घर मात्र दिसत नाही. १९७९ मध्ये ते पाडले गेले. इराणच्या घटनेचे १३ वे कलम जरथुस्त्री, ज्यू आणि ख्रिश्चन यांनाच अल्पसंख्याक मानते. बहाईंना ते स्थान नाही. आपल्या देशात कोणाचे प्रार्थनास्थळ पाडले की आपल्याला दुःख होते, संताप येतो. मग शिराझच्या त्या जागेबद्दल आपण गप्प का? न्याय मागायचा तर तो सगळ्यांसाठी मागावा लागतो.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. जिथे बाईच्या डोक्यावरच्या कापडासाठी पोलीस येतात, तिथे आपल्या लेकीबहिणींनी का जावे? १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही २२ वर्षांची कुर्द तरुणी तेहरानमध्ये नैतिकता पोलिसांच्या कोठडीनंतर मरण पावली. त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या मुलींची घोषणा होती ‘जन, जिंदगी, आजादी’. तिचे भाषांतर आपल्याला करावे लागत नाही. नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चे शांततेचे नोबेल जाहीर झाले तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या. हिजाबचा कायदा परदेशी बाईलाही लागू आहे, हे जाणाऱ्या प्रत्येकीला आधी माहीत असावे, आणि तिने तेवढ्यासाठी नकार दिला तर तो नकार मानाने घ्यावा.

पण जी जाईल तिला केश्म-होर्मुझच्या बायका भेटतील. रंगीबेरंगी ओढण्या, जरीच्या सलवारी, जुन्या बायकांच्या चेहऱ्यावर भरतकामाचा मुखवटा. हा पेहराव समुद्रकाठच्या उन्हातून आणि परंपरेतून आला. सरकारी फर्मानातला पेहराव वेगळा. कपडा आणि सक्ती या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे तिथे डोळ्यांनी दिसते. भारतात हिजाब काढायची सक्ती झाली तर आपण विरोध करतो, तोच न्याय घालायच्या सक्तीलाही लावला पाहिजे. दोन्हीकडे निर्णय बाईचा.

म्हणून मी बहिष्काराच्या बाजूचा नाही. आपण न गेल्याने सत्तेचे फारसे बिघडत नाही, पण टॅक्सीवाला, गालिचे विणणारी बाई आणि घरात चार खोल्या पाहुण्यांना देणारे कुटुंब एकटे पडते. निर्बंधांमुळे आपली बँककार्डे तिथे चालत नाहीत, रोख रक्कम न्यावी लागते. निदान ती अशा हातांत पडावी. होर्मुझची माती पिशवीत भरून आणू नये. आणि दुकानदार ‘राहू द्या, पैसे नकोत’ म्हणाला तर ते त्यांचे तारुफ आहे हे ओळखून पैसे द्यावेत.

हा खर्च प्रत्येकाला परवडणार नाही, हे मला माहीत आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी बीदर, अहमदनगर आणि औरंगाबादपासून सुरुवात करावी. तीही याच वाटेवरची गावे आहेत, आणि त्यांना व्हिसा लागत नाही. महाविद्यालयातल्या मुलामुलींची एक सहल या वर्षी बीदरच्या मदरशापर्यंत नेता आली, तरी पुढे कधी शिराझला जाणाऱ्याची तयारी झालेली असेल.