अंडीखाऊ साप आणि शेतकऱ्याची नोंदवही

साप दिसला कीं काठी उचलावी, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. त्यांत एक हानि होते, ती आम्ही मारेगाव तालुक्यांतील शेतकरी बंधूंच्या नजरेस आणूं इच्छितों.

भारतीय अंडीखाऊ सापाचें पहिलें शास्त्रीय वर्णन डॅनिश शास्त्रज्ञ राइनहार्ट यांनीं १८६३ सालीं केलें. पुढें कित्येक दशकें तो क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडला. अखेर तो वर्धा जिल्ह्यांत सांपडल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. तो जिल्हा आमच्या यवतमाळास लागूनच आहे. मध्यें केवळ वर्धा नदी.

हा साप पक्ष्यांचीं अंडीं गिळतो व घशांतील मणक्यांच्या टोकांनीं त्यांचें कवच फोडतो. त्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत फिकट पट्टा असतो. माणसास त्याच्यापासून भय नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास अभय दिलें आहे.

रात्रीं ओलितास जाणारा म्हणेल, अंधारांत मण्यार कोणती व अंडीखाऊ कोणता हें कोण पाहात बसणार? शंका रास्त आहे. म्हणूनच कोणत्याही सापास हात लावूं नये. दूर उभें राहून छायाचित्र घ्यावें. तारीख, वेळ, शिवार व पीक लिहून ठेवावें. आणि वनखात्यास कळवावें. गाडीखालीं मेलेल्या सापाचें छायाचित्रही व्यर्थ जात नाहीं.

शास्त्रज्ञ तालुक्यांत क्वचित् येणार. शेतकरी बारा महिने बांधावर असतो. ठेचून फेकलेल्या सापाची नोंद कोठेंच राहात नाहीं. ती राखणें आमच्या मतें शेतकऱ्याच्याच हातीं आहे.