समाधीला पहार लावण्याआधी

शिवऱ्याहून साताऱ्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर राजगडाकडे जाणारा फाटा लागतो आणि त्याच्या पुढे कापूरहोळ. शिवकाळातील एक वैद्यकीय कोडे या दोन ठिकाणांशी जोडलेले आहे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. आईचे दूध पुरेना, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ त्यांच्या दूधआई झाल्या. पुढे अडीच वर्षेही झाली नाहीत तोच, ५ सप्टेंबर १६५९ रोजी, सईबाई राजगडावर निवर्तल्या. त्या कशाने गेल्या? बाळंतपणानंतरचा रक्तक्षय, क्षयरोग, आत मुरलेला जंतुसंसर्ग... डॉक्टर म्हणून मी यादी देऊ शकतो, निदान देऊ शकत नाही.

त्यातच समाधी गडावर पद्मावती माचीवर दाखवतात आणि पायथ्याच्या पाल गावातही. अशा वेळी हमखास विचारले जाते, ‘खणून का बघत नाहीत? आता तर डीएनए तपासता येतो.’

या प्रकरणात त्यातून हाती काही लागण्याची शक्यता फारच कमी आहे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सईबाईंचे दहन झाले असणार. चितेच्या उष्णतेत हाडातला डीएनए बहुतेक नष्ट होतो. उरलेल्या अस्थी सावडून नदीत सोडल्या जातात. समाधीखाली काही ठेवले असेलच, तर ते मूठभर रक्षा किंवा जळलेल्या हाडाचे तुकडे. त्यावरून फार तर ते हाड माणसाचे आहे आणि प्रौढ व्यक्तीचे आहे, एवढे कळेल. आजार कळणार नाही. म्हणजे एका श्रद्धास्थानाची मोडतोड करून आपण जिथे होतो तिथेच राहू.

पुरलेल्या देहाची गोष्ट वेगळी. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. तिथल्या एका पाच खोल्यांच्या घरात चार पायांचा मातीचा रांजण सापडला आणि त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेला पुरुष. प्रौढांना पुरताना घोट्याखालची पावले तोडण्याची तिथे चाल होती. या माणसाची पावले शाबूत होती. तो गावाचा प्रमुख असावा, असे संशोधकांनी मानले. पुणे जिल्ह्यातले ‘राजाचे’ म्हणावे असे सर्वांत जुने दफन बहुधा हेच. मला मात्र त्या प्रमुखापेक्षा घरांच्या जमिनीखाली दोन मडक्यांची तोंडे जुळवून पुरलेली लहान मुले अधिक महत्त्वाची वाटतात. उत्खनन संपून कित्येक वर्षे लोटल्यावर त्यांच्या हाडांचा अभ्यास झाला आणि गावाच्या उतरत्या काळात मुलांची वाढ खुंटत गेली होती, हे त्यातून दिसले. कुपोषणाचे वॉर्ड पाहिलेल्या कोणालाही हे वाचून गलबलेल. राजस्थानात बालाथल येथे सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते उत्खननही आधीच्या दशकातले. हाडे नीट जपली होती, म्हणून ती नंतरच्या प्रश्नांनाही उत्तरे देऊ शकली.

जपण्याची तयारी नसताना उघडले तर काय होते, ते चीनने पाहिले आहे. बीजिंगजवळचे वानली सम्राटाचे थडगे १९५०च्या दशकात खणले गेले. आतली रेशमी वस्त्रे हवा लागून खराब झाली. सम्राट आणि दोन सम्राज्ञींचे अवशेष १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धुमश्चक्रीत, जाळून टाकले गेले. त्यानंतर सम्राटांची थडगी आपणहून उघडायची नाहीत, हे तिथले धोरण झाले. मातीच्या सैनिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या पहिल्या सम्राटाचे मुख्य थडगे आजही बंद आहे. वरच्या मातीत पारा जास्त आहे, एवढे मात्र आत न शिरता कळले.

आमच्या शिकण्याच्या काळात पोटाचे निदान होईना की सर्जन म्हणत, ‘उघडून बघू.’ सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आल्यावर ती वेळ क्वचित येते. पुरातत्त्वातही आता जमिनीत रडारलहरी सोडून खालच्या भिंती आणि पोकळ्या पाहता येतात. उघडलेले पोट निदान शिवता तरी येते. मातीचे थर एकदा उकरले की परत तसे लावता येत नाहीत. म्हणून माझे मत असे : रस्त्यात किंवा धरणात जागा जाणारच असेल, तर वेळेत, तज्ज्ञांकडून खणून घ्यावी. दुसऱ्या कोणत्याही तपासणीने न सुटणारा नेमका प्रश्न हाती असेल आणि निघालेले अवशेष सांभाळायला प्रयोगशाळा व पैसा तयार असेल, तर विचार करावा. केवळ कुतूहल असेल, तर थांबावे. पन्नास वर्षांनी येणाऱ्या संशोधकांकडे आपल्यापेक्षा चांगली साधने असतील.

सध्या खरा धोका संशोधकांचा नाहीच. तो अमावास्येच्या रात्री गुप्तधनासाठी पहार घेऊन येणाऱ्यांचा आहे. संरक्षित वास्तूत विनापरवाना खोदणे गुन्हा आहे, आणि १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. (ही रक्कम अजून तीच आहे!) यात जिवालाही धोका असतो. बंद तळघरात किंवा भुयारात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. जुन्या विहिरीत उतरलेला माणूस जसा काही क्षणांत कोसळतो, तसेच इथेही घडते, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. वटवाघळांच्या विष्ठेतली बुरशी श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास आजार जडू शकतो, तो वेगळाच.

जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढेल. समाधीवरची झाडोऱ्याची मुळे वेळेवर काढणे, चुन्याच्या बांधकामावर सिमेंट न थापणे, पावसाचे पाणी चौथऱ्यात मुरू न देणे आणि रात्रीचा पहारेकरी नेमणे, एवढी कामे या पावसाळ्यापूर्वी व्हायला हवीत. त्यांचा खर्च उत्खननाच्या मानाने किरकोळ आहे.