गिधाडांची जात आणि गरुडाचे झाड

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाऊ लागली, जाळ्याचा घोळ वाळूकडे सरकू लागला, की माणसांच्या आधी पक्ष्यांना त्याची वार्ता लागते. काही क्षणांत डोक्यावर घिरट्या सुरू होतात. त्यांत मातकट रंगाची, दुभंगलेल्या शेपटीची साधी घार असते. तांबूस अंगाची, पांढऱ्या मानेची ब्राह्मणी घार असते. आणि या दोघींच्याही वर, रुंद राखी पंख किंचित वर उचलून संथपणे तरंगणारा, पोटाशी शुभ्र असा समुद्रगरुडही एखाद्या दिवशी असतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या दहा जणांना विचारले तर त्यांतले आठ जण तिघांनाही 'घार' म्हणून मोकळे होतील. वर्षानुवर्षे दर्यावर जाणारा एखादा वृद्ध रापणकर मात्र त्यांचा स्वभाव, बसण्याची जागा, झेप घेण्याची रीत यांवरून त्यांना अचूक निराळे काढील. हे ज्ञान पुस्तकी नव्हे. परंतु त्यालाच वर्गीकरण म्हणतात, आणि ते किती महत्त्वाचे आहे याचा प्रत्यय या देशाने गेल्या तीन दशकांत फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

शिकारी पक्ष्यांची जातकुळी ठरविण्याचा प्रश्न मोठ्या विद्वानांनाही चकवीत आला आहे. लिनियसने १७५८ मध्ये प्राणिसृष्टीची जी मांडणी केली, तीत गिधाडे, ससाणे आणि घुबडे यांच्याच पंक्तीला त्याने खाटीक पक्ष्यालाही बसविले. कारण काय, तर त्याचीही चोच बाकदार! चोच आणि नखे पाहून कूळ सांगणे हे जानवे पाहून विद्वत्ता ठरविण्यासारखेच होते. पुढे शरीररचनेचा आणि अखेरीस गुणसूत्रांतील द्रव्याचा अभ्यास झाला, तेव्हा जुनी घराणी कोसळू लागली. बहिरी ससाणा, खरुची आणि त्यांचे भाऊबंद हे गरुड-घारींचे सख्खे नातलग असावेत असे दीर्घकाळ मानले जाई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आनुवंशिक अभ्यासाने त्यांना तेथून उचलून पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या शेजारी नेऊन ठेवले. आज ससाण्यांचा गण निराळा आणि घारी, गरुड, गिधाडे यांचा गण निराळा मानला जातो. मासे पकडण्यात निष्णात असलेला, हिवाळ्यात खाड्यांवर येणारा कैकर या दुसऱ्या गणातच राहिला, परंतु त्याचे कुटुंब स्वतंत्र ठरले. जटायूला गिधाड म्हणावे की गरुड, हा पुराणिकांचा जुना वाद या मांडणीत मात्र पुष्कळसा निवळतो; कारण जुन्या जगातील गिधाडे आणि गरुड एकाच विस्तृत कुटुंबातले आहेत.

'जुन्या जगातील' हे विशेषण येथे मुद्दाम योजावे लागते. अमेरिका खंडातही गिधाडे आहेत. त्यांचीही मान उघडी, तीही मृत जनावरावर उतरतात, तासन् तास पंख न हलविता आकाशात राहतात. तरीही आशिया-आफ्रिकेतील गिधाडांशी त्यांचे नाते दूरचे आहे. धंदा एक म्हणून रूप सारखे झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्यातील काही जाती वासावरून अन्न शोधतात. भारतीय गिधाडांची सारी भिस्त दृष्टीवर असते.

हा भेद केवळ पंडितांच्या विनोदासाठी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी डायक्लोफेनॅकची कथा आठवावी. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात भारतातील गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी या ऱ्हासाची नोंद केली, तेव्हा कारण कोणालाच सांगता येत नव्हते. रोगाचा संशय बळावला होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासावरून खरा अपराधी दाखवून दिला. गुरांच्या वेदना आणि सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि यूरिक आम्लाचा पांढरा थर आतड्यांवर, यकृतावर, हृदयावर साचून पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. १९९२ शी तुलना करता २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली होती. हजारातून एक उरणे, असा त्या आकड्याचा अर्थ. केंद्र सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळविल्या जात, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकारही मर्यादित केला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांनाही पशुवैद्यकातून बाहेर काढण्यात आले. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय मात्र कितीतरी आधीपासून उपलब्ध होता. औषध कळल्यानंतर ते दुकानातून हलविण्यास लागलेला हा काळ कोणाही शासनाला भूषणावह नाही.

या शोधातील एक प्रसंग सामान्य वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. अमेरिकेतील टर्की गिधाडांवर डायक्लोफेनॅकचा प्रयोग झाला, तेव्हा भारतीय गिधाडाला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहूनही अधिक मात्रा त्यांनी सहज पचविली. नावाने गिधाड, रूपाने गिधाड, पण कूळ निराळे. म्हणून शरीराचा धर्मही निराळा. केवळ नावावर विसंबून औषधाची पारख त्या पक्ष्यावर केली असती, तर ते निर्धोक ठरले असते. याउलट, बिकानेरजवळ मृतावस्थेत सापडलेल्या गवताळ प्रदेशातील गरुडांच्या शरीरात हेच औषध आणि हीच लक्षणे आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. रूपाने गिधाडाहून अगदी वेगळा, पण कुटुंबाने त्याचा बांधव! विष रूप पाहत नाही, नाते पाहते.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आहेत. पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे, निमुळत्या चोचीचे, हिमालयी आणि युरेशियन अशी पाच एका वंशातली. राजगिधाड आणि काळे गिधाड त्यांच्या जवळचे. आणि पांढरे गिधाड व दाढीवाले गिधाड ही दोन जुन्या, स्वतंत्र शाखेची. यांपैकी लांब चोचीचे व निमुळत्या चोचीचे ही दोन २००१ पर्यंत बहुधा एकच समजली जात. एक कड्याकपारींत घरटी करणारे, दुसरे उत्तर भारतात झाडांवर. एवढा ठळक भेद असूनही दोघांची मोजणी एकाच रकान्यात होत होती. ती वेगळी केल्यावर लक्षात आले, की निमुळत्या चोचीचे गिधाड तर जगातील अत्यंत दुर्मिळ पक्ष्यांपैकी एक होऊन बसले आहे. रकाना एक असेपर्यंत हे संकट बेरजेच्या आड दडलेले होते.

कोकणात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा एक चिवट थवा रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगाव परिसरात टिकून राहिला. ही गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात आणि तेथील ग्रामस्थांनी व निसर्गप्रेमी कार्यकर्त्यांनी त्यांना जपले, म्हणूनच ती राहिली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-म्हसळा भागातील झाडेच्या झाडे आडवी केली, तेव्हा उंच झाड हे गिधाडाचे केवळ घर नव्हे, तर त्याच्या वंशाचा आधार आहे, हे सर्वांच्या प्रत्ययास आले.

सिंधुदुर्गाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. या जिल्ह्याच्या वाट्याला आलेला सर्वांत डौलदार शिकारी पक्षी म्हणजे समुद्रगरुड. पंख पसरले असता तो सुमारे दोन मीटर भरतो; मासे आणि समुद्रसर्प हे त्याचे भक्ष्य. ब्राह्मणी घार आणि साधी घार या त्याच्या जवळच्या नात्यातल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाने तिघांना एका शब्दात गोवले त्यात नात्याची थोडी सत्यता आहेच. परंतु घारी गावात, बाजारात, कचऱ्यावरही निभावून नेतात. समुद्रगरुडाला तसे जमत नाही. त्याला किनाऱ्याजवळचे उंच, जुने, मजबूत फांद्यांचे झाड लागते. आंबा असो, सुरू असो, एकदा निवडलेल्या झाडावर ही जोडी दरवर्षी परत येते, जुन्याच घरट्यावर नव्या काटक्या रचते, आणि काही वर्षांत ते घरटे केवढा तरी मोठा भारा होऊन बसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकण किनाऱ्यावर या घरट्यांची पाहणी केली, ते काम पथदर्शक म्हणावे लागेल. त्यातही तरुण समुद्रगरुड तपकिरी असतो आणि पांढरा-राखी वेष त्याला काही वर्षांनी लाभतो. त्यामुळे अननुभवी नजर त्याला दुसरीच एखादी जात समजते. येथेही चूक होते ती नावाची, आणि बिघडते ती मोजणी.

वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) या पक्ष्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हीदेखील शिकारच, असे त्या कायद्याची व्याख्या सांगते. कागदावर याहून अधिक काय हवे? परंतु कोकणातील झाड बहुतांशी खाजगी मालकीच्या जमिनीत उभे असते. पावसाळ्यात घरटे रिकामे असते. त्या दिवसांत झाड तोडणाऱ्याला आपण कोणाचे घर मोडतो आहोत याची जाणीव नसते, आणि असली तरी पक्षी तेथे नाही, हे उत्तर तयार असते. किनाऱ्यालगतच्या जमिनींना पर्यटनामुळे आलेला भाव पाहता, जुन्या आंब्याच्या सावलीपेक्षा त्याखालची जागा मोलाची वाटू लागली, याचे नवल नाही. मालकाला दोष देणे सोपे आहे. परंतु एका गरुडासाठी त्याने आपल्या हक्काचा खर्च एकट्याने का सोसावा, या त्याच्या प्रश्नाला वनखात्याकडे उत्तर असायला हवे.

त्याचा दाखला फार लांब शोधावा लागत नाही. जाळ्यात सापडलेले कासव, देवमाशाचे पिलू किंवा अन्य संरक्षित जलचर सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून राबविली. फाटलेल्या जाळ्याला जो न्याय लागू झाला, तो न तोडलेल्या झाडाला लागू होऊ नये, याचे कारण सापडत नाही. घरटे असलेले झाड राखणाऱ्या मालकाला दरवर्षी ठरावीक मानधन द्यावे. घरट्यांची संख्या मर्यादित असल्याने जिल्ह्याच्या तिजोरीवर त्याचा भार नगण्य राहील. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा पाण्याखालच्या जीवांचा विचार झाला. त्याच पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्याचे घर मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेर, कोणाच्या तरी परसात आहे.

पण मानधन कोणाला, हे ठरविण्यासाठी आधी झाड कोणते आणि पक्षी कोणता, हे नक्की व्हायला हवे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ज्या नोंदवहीत नुसते 'घार' आणि 'गरुड' एवढेच लिहिले जाईल, ती कपाटात शोभेल, न्यायालयात उभी राहणार नाही. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' सिद्ध करून मराठी नावांचा मोठाच पाया घातला. त्या नावांना मालवणी बोलीतील नावे जोडून, घरट्याचे झाड, मालकाचा गट क्रमांक आणि जोडी परत आल्याचा महिना एवढे चार रकाने भरले, तरी वनखात्याच्या हाती आज नसलेली सामग्री येईल. हे काम गावच्या शाळेतील शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी जितके नेटके करतील, तितके बाहेरून दोन दिवसांसाठी आलेला पाहणीकार करू शकणार नाही. तो पावसाळ्यात आला तर रिकामे घरटे पाहून परतेल. गावातल्या मुलाला मात्र ठाऊक असते, की पाऊस ओसरला की दांड्यावरच्या कोणत्या झाडावर तो पांढरा पक्षी काटकी घेऊन येतो, आणि गेल्या वर्षी तो आला नव्हता तेव्हा त्या जागी काय उभे राहिले होते.