पडद्यावरचा जपानी कळफलक

जपानी भाषा शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आतां पुष्कळ मराठी घरांत आढळते. पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूटमध्यें व टिळक महाराष्ट्र विद्यापीठांत या भाषेचे वर्ग चालतात, आणि तेथील विद्यार्थ्यांस विचारावें तर पहिली अडचण लिपीचीच सांगतात. वहींत अक्षरें गिरवून होतात. परंतु संगणकावर अगर मोबाइलवर जपानी लिहावयाची वेळ आली, कीं बहुतेक जण रोमन अक्षरें दाबतात व यंत्र त्यांचें जपानींत रूपांतर करून देतें. काम भागतें, पण डोळा व बोट यांची त्या अक्षरांशीं ओळख होत नाहीं. यावर घरच्या घरीं करण्यासारखा एक उपाय आहे. तो म्हणजे जपानी कळफलक स्वतःच्या हातानें पडद्यावर तयार करणें. दहा-बारा वर्षांच्या मुलासही तें साधण्यासारखें आहे. आणि मराठी मुलास तर त्यांत एक वडिलोपार्जित सोय आहे. ती कोणती, हें आधीं पाहूं.

‘हिरागाना’ नांवाच्या जपानी लिपींत मूळ अक्षरें ४६. प्रत्येक अक्षर म्हणजे स्वरासह एक पूर्ण उच्चार. ‘कि’ हें तेथें ‘क’ला वेलांटी देऊन होत नाहीं, तें स्वतंत्रच अक्षर आहे. अपवाद एकट्या शेवटच्या ‘न्’चा. यांचा क्रम असा : अ, इ, उ, ए, ओ, मग क, कि, कु, के, को, आणि पुढें स, त, न, ह, म, य, र, व यांच्या तशाच ओळी. आपली बाराखडी, तर त्यांची जणूं पांचखडी!

चाणाक्ष वाचक येथें विचारतील, कीं ‘क’ नंतर ‘च’ यावयाचा तेथें ‘स’ कां आला, आणि ‘न’ व ‘म’ यांच्यामध्यें ‘प’च्या जागीं ‘ह’ कसा बसला? उत्तर मोठें मनोरंजक आहे. आजचा जपानी ‘ह’ प्राचीन काळीं ओठांतून उच्चारला जात असे. तो मूळचा ‘प’, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘स’चा उच्चारही पूर्वीं ‘च’च्या जवळचा असावा, असें अनेकांचें मत आहे. हे दोन बदल ध्यानांत घेतले म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व हा आपलाच क्रम स्पष्ट दिसूं लागतो. कंठापासून निघून ओठांपर्यंत यावयाचें आणि मग अंतस्थ वर्णांकडे वळावयाचें, ही आपल्या शिक्षाग्रंथांची व प्रातिशाख्यांची रीत जपानी पोरें आजही घोकीत आहेत.

हा क्रम तिकडे गेला तो बौद्ध भिक्षूंच्या विद्येबरोबर. या विद्येचा महाराष्ट्रांतील एक जुना मुक्काम आपल्या अगदीं जवळ आहे. कर्जतपासून थोड्या अंतरावर, राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत कोंडाण्याचीं लेणीं आहेत. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतलें मानतात. त्याच्या दर्शनी बाजूस एका भग्न मूर्तीपाशीं ब्राह्मी लिपींत एकच ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच तिचा आशय. या ब्राह्मीच्या एका शाखेची पुढें आपली देवनागरी झाली. दुसरी ‘सिद्धम्’ लिपी बौद्ध मंत्रग्रंथांबरोबर चीनमार्गें जपानास पोंचली. दक्षिण भारतांतील बोधिसेन नांवाचा ब्राह्मण भिक्षु ७३६ सालीं जपानांत उतरला, आणि ७५२ मध्यें नारा येथील बुद्धाच्या प्रचंड मूर्तीचा नेत्रोन्मीलन-विधि त्याच्या हस्तें झाला. पुढें ८०४ मध्यें कूकाइ हा जपानी भिक्षु चीनला गेला व सिद्धम्‌चें ज्ञान घेऊन ८०६ मध्यें परतला. जपानांत मृतांच्या स्मरणार्थ थडग्यांमागें ज्या लांकडी फळ्या उभारतात, त्यांवर हीं अक्षरें अद्यापि लिहिलीं जातात. जपानी अक्षरांचीं रूपें चिनी अक्षरांवरून निघालीं हें खरें. परंतु त्यांची पांचाची मांडणी ११ व्या शतकाच्या सुमारास दिसूं लागते, आणि ती सिद्धम्‌च्या अभ्यासकांची करणी आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. या संस्थेनें २००७ सालीं मुलांसाठीं ‘स्क्रॅच’ नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. तें विनामूल्य आहे. त्यांत संगणकाला द्यावयाच्या आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपांत असतात. एकाखालीं एक ठोकळा जोडला कीं आज्ञावली तयार होते. लिहिण्याची कटकट नसल्यामुळें शुद्धलेखनाच्या चुकीनें काम अडत नाहीं. विचाराची चूक असेल तेवढीच उघडी पडते.

प्रथम सारीं अक्षरें क्रमानें एका माळेंत ठेवावीं. ‘य’च्या ओळींत यि व ये नाहींत, आणि ‘व’च्या ओळींत पहिलें व पांचवें एवढींच घरें भरलेलीं असतात, तेथें रिकाम्या जागा सोडाव्या. म्हणजे पन्नास घरें होतात, त्यांत अक्षरें ४५. उरलेल्या ‘न्’ला वेगळी कळ करावी. नंतर एकच कळ काढून तिला पन्नास रूपें द्यावीं, व तिच्या पन्नास प्रती करवाव्या. प्रत्येक प्रतीजवळ आपला क्रमांक असावा. तो साठविणारी डबी ‘केवळ या पात्रापुरती’ म्हणून निवडावयास विसरूं नये. ती सर्वांची सामाईक झाली, तर कोणतीही कळ दाबा, एकच अक्षर उमटेल.

कळ कोठें बसवावयाची हें गणितावर सोंपवावें. क्रमांकांतून एक वजा करून पांचानें भागावें : भागाकार म्हणजे उभी ओळ, बाकी म्हणजे तींतील घर. बारावें अक्षर घ्या. अकरा भागिले पांच, भागाकार दोन, बाकी एक. ‘अ’ची ओळ शून्य, ‘क’ची एक, ‘स’ची दोन, आणि बाकी एक म्हणजे इकाराचें घर. अक्षर आलें ‘शि’, कारण जपानींत ‘सि’चा उच्चार ‘शि’ असाच होतो. भागाकार व बाकी यांचा असा उपयोग असतो, हें पाटीवरचीं शंभर उदाहरणें सोडवूनही कित्येक मुलांस कळत नाहीं.

कळ दाबली, कीं लेखाच्या शेवटीं माळेंतील त्या क्रमांकाचें अक्षर जोडावें, इतकी आज्ञा पुरते. खोडण्याची कळ मात्र थोडी विचार करावयास लावते. शेवटचें अक्षर तोडणारा ठोकळा स्क्रॅचमध्यें नाहीं. म्हणून शेवटचें सोडून बाकीचीं अक्षरें पुन्हां एकेक करून जोडावीं लागतात. हीच युक्ति पुढें कामास येते. जपानींत अक्षराला दोन टिंबें दिलीं कीं ‘क’चा ‘ग’ होतो, ‘त’चा ‘द’ होतो, आणि ‘ह’चा होतो ‘ब’! त्यासाठीं दोन याद्या कराव्या : एकींत साधीं वीस अक्षरें, दुसरींत त्याच क्रमानें टिंबांचीं वीस. शेवटचें अक्षर पहिल्या यादींत शोधावें, तें खोडावें, आणि दुसरींतील त्याच क्रमांकाचें जोडावें. ‘ह’चा ‘ब’ कां, हें ज्याला वर सांगितलेला इतिहास ठाऊक आहे त्याला विचारावें लागत नाहीं. अघोषाचा घोष करणारी ती आपलीच जोडी आहे.

हा कळफलक स्क्रॅचच्या पडद्यावरच लिहितो आणि चिनी चित्राक्षरें देत नाहीं, ही त्याची मर्यादा आहे. पत्रव्यवहारास तो उपयोगी नाहीं, शिकण्यास आहे.

हा सारा खटाटोप एका परक्या लिपीसाठींच सांगावयाचा असता, तर इतकी जागा अडविली नसती. आज आपलीं मुलें मराठी मजकूरही रोमन अक्षरांत लिहितात. मला, माला, मळा, माळा हे चार शब्द तेथें बहुधा एकाच रूपानें उमटतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकांत स्वर डाव्या हाताला व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला आहेत; ‘क’च्याच कळीवर ‘ख’ आणि ‘ग’च्या कळीवर ‘घ’ आहे. अशी शास्त्रशुद्ध सोय असतां तिची ओळख फार थोड्या घरांत आहे. वर्णमाला बोटांतून गेली, कीं ती कानांतूनही जाते. आणि मग ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’ यांतील भेद केवळ परीक्षेपुरता उरतो.

म्हणून जपानी कळफलक पुरा झाल्यावर मुलाकडून आणखी एक काम करवून घ्यावें. माळेंतील जपानी अक्षरें काढून क पासून म पर्यंतचीं पंचवीस व्यंजनें घालावीं, कळांचीं रूपें बदलावीं आणि प्रती पंचवीस कराव्या. गणिताला हात लावूं नये. पांचानें भागणारें तेंच गणित क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशा पांच ओळी आपोआप उभ्या करील. सहस्रावधि मैलांवरची ती मांडणी आणि आपली मांडणी एकाच सूत्रानें चालते, हें त्यास तेव्हां पुस्तकाशिवाय कळेल. त्या पडद्याच्या कोंपऱ्यांत त्यानें बलकाप्रमाणें आपलें नांव घालावें, आणि ज्यानें शिकविलें त्याचेंही.