गरी टाकण्याआधी

परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागण्याआधी आमच्या कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर भटकंतीचा बेत शिजतो, हा आता रिवाजच झाला आहे. यंदाही तो शिजतो आहे आणि गंमत म्हणजे तो गेल्या वर्षीचाच, नुसता गरम केलेला आहे. बेत असा : एस.टी.ने खेड, तिथून चोरवणे. चोरवण्याहून चार-पाच तासांची खडी चढण चढून नागेश्वरच्या गुहेत मुक्काम. भल्या पहाटे पलीकडच्या अंगाने रान उतरून शिवसागराचा काठ गाठायचा, गऱ्या टाकायच्या, मिळेल तो मासा तिथेच तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचा आणि दुपारी वासोटा करून परत फिरायचे. परवानगीचे काय, असे कुणी विचारलेच तर उत्तर तयार आहे : "सातारच्या बाजूने जाणाऱ्यांना परवानगी. आपल्या कोकणच्या बाजूने कोण विचारतो?"

गेल्या वर्षी या बेताचा सर्वांत मोठा वकील मीच होतो, हे आधी कबूल करतो. आज मी त्याच्या विरुद्ध लिहितो आहे. मित्रांनी मला डरपोक म्हटले आहे. एकाने तर "तू आता फॉरेस्टात नोकरी बघ" असा सल्लाही दिला आहे. तेव्हा माझे मत का बदलले ते एकदा नीट सांगावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम बेताची बाजू. तो मोहक आहे, यात शंका नाही. आपण रत्नागिरीची मुले खाडीकाठी वाढलेली. गरवायला बसणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. आणि डोंगर तर परसदारी उभा. चढण माणसाला दमवते आणि गरी त्याला बसायला लावते. दिवसभर छाती फुटेस्तोवर चालल्यावर पाण्याच्या काठी गप्प बसून दोरीकडे बघत राहण्यात जे सुख आहे, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. वासोट्याचा इतिहासही आपल्याला खुणावतो. व्याघ्रगड हे त्याचे दुसरे नाव. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा किल्ला घेतला. बाबूकड्यावरून खाली कोकणात पाहताना पोटात गोळा येतो, असे जाऊन आलेले सांगतात. असा गड, असे रान आणि पायथ्याशी सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलेला जलाशय! विशीतल्या माणसाचे मन तिथे धावले नाही, तरच नवल.

आता दुसरी बाजू. हा सगळा मुलूख १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वासोट्याला जायचे तर बामणोलीहून वनखात्याची परवानगी काढून, लाँचने शिवसागर ओलांडून, दिवसाउजेडी जायचे आणि सांज होण्यापूर्वी परतायचे, असा नियम आहे. गडावर मुक्कामाला बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातला जीव मारता किंवा नेता येत नाही. म्हणजे आमच्या बेतातले मुक्काम, चूल आणि गरी हे तिन्ही भाग नियमाबाहेरचे. उरतो तो फक्त चढ!

यावर मित्रांचे दोन युक्तिवाद असतात. पहिला, पाच पोरांच्या पाच गऱ्यांनी शिवसागर काही रिता होत नाही. हे खरे आहे. पण असे म्हणणारे आपण पाचच जण आहोत, हे कशावरून? दर शनिवारी दुसरे पाच असतील आणि प्रत्येक पाचांचे म्हणणे हेच असेल. माळावर वणवा लागतो तो एकाच काडीने. ती काडी टाकणाऱ्याचेही म्हणणे एवढेच असते, की मी फक्त चूल पेटवली.

दुसरा युक्तिवाद मात्र वजनदार आहे आणि गेल्या वर्षी मी स्वतः तो टेबलावर हात आपटून मांडला होता. तो असा : ज्या शासनाने कोयना अडवून एवढे खोरे पाण्याखाली घातले, रान बुडवले, हजारो कुटुंबे उठवली, त्याने आम्हांला दोन मासे आणि एका रात्रीसाठी निसर्गरक्षणाचे धडे द्यावेत काय? टाळ्या पडल्या होत्या. मला वाटले, आपण वाद जिंकला.

तो वाद मी हरलो तो खेड तालुक्यातल्या एका वाडीत, एका म्हातारीपुढे.

झाले असे, की ऐनवेळी चोरवण्याचा आमचा वाटाड्या फिरला. "रात्रीचा मुक्काम असेल तर मी नाही" असे त्याने कळवले. पाठपिशव्या भरून तयार! तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, "माझ्या गावी चला. तळे आहे, काका मच्छीमार सोसायटीत आहेत आणि दुसऱ्या दिवशी रसाळगड करू." नाराजीनेच गेलो. ओसरीवर त्याची आजी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण कान तल्लख. कुठे जाणार होता, म्हणून तिने विचारले. आम्ही फुशारकीने सगळा बेत सांगितला.

"मासं धरायला? त्या पाण्यात?" ती म्हणाली आणि थोडी थांबली. "माझं म्हायार हाय ते."

आजी लग्न होऊन कोयनेच्या खोऱ्यातून कोकणात आली होती. ज्या वाटेवर आम्ही मर्दुमकी गाजवणार होतो, त्याच वाटेने तिचे वऱ्हाड चालत उतरले होते. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. पुढे काही वर्षांतच, १९६४ साली धरण पुरे झाले. नदीकाठची भाताची खाचरे, घरे, देऊळ, सगळे पाण्यात गेले आणि तिचे भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात वसले. "मासं आमीबी धरायचो, नदीत. तवा कुनी नको म्हनत नव्हतं. आता माझ्या भावाच्या नातवाला तिकडं जायचं तर कागद लागतो."

मी ही संधी सोडतो कसा! म्हणालो, "बघा आजी, म्हणजे आमचंच खरं. कायदाच चुकीचा आहे."

तिने माझ्याकडे पाहिले आणि अगदी साधेपणाने विचारले, "त्याला कागद लागतो, तर तुला कसा नको?"

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. तिच्या माणसांवरचा अन्याय मी माझ्या सहलीच्या पासासारखा वापरत होतो. ज्यांचे घर गेले ते परवानगीच्या रांगेत उभे राहणार आणि ज्यांचे काहीच गेले नाही ते त्यांच्या दुःखाचा दाखला देऊन मागच्या वाटेने घुसणार, याला बंड म्हणत नाहीत.

बरे, आपले काहीच गेले नाही एवढेच नव्हे, तर आपल्याला मिळालेच आहे. शिवसागराचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरते, जनित्रे फिरवते, कोळकेवाडीला अडते, पुन्हा वीज देते आणि अवजल म्हणून वाशिष्ठीत येते. चार टप्पे मिळून १९६० मेगावॉटचा हा प्रकल्प आहे. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये भरल्या जलाशयाच्या तळाला छेद देण्यात आला, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले होते! ऐन उन्हाळ्यात चिपळूणला वाशिष्ठी वाहती दिसते ती या अवजलामुळे. आजीचे माहेर बुडवणारे पाणी आपल्या जिल्ह्यात असे रोज येते. त्या पाण्याचे आपण आधीच लाभधारक आहोत. त्यातले मासेही चोरून आणावेत, हे काही शोभत नाही.

त्या रात्री आम्ही गावच्या तळ्यावर बसलो. काकांनी आधी सोसायटीच्या माणसाला विचारले, ठरलेले पैसे आम्हांला भरायला लावले आणि मगच गऱ्या दिल्या. तळ्यात सोसायटीने मत्स्यबीज सोडलेले असते. ते त्यांचे पीक असते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. तोवर पाण्यातला मासा म्हणजे रानातल्या करवंदासारखा, ज्याच्या हाताला लागेल त्याचा, अशी माझी समजूत होती. काही महाभाग सुटीत येऊन पाण्यात जिलेटिनचे बार उडवतात, असे काका सांगत होते. मोठे चार मासे हाती लागतात आणि बोटभर पिल्लांचा खच पाण्यावर तरंगतो.

मग त्यांनी चढणीच्या माशांचा विषय काढला आणि आमची तोंडे उतरली. पहिल्या पावसात ओढ्या-वहाळांना पाणी आले, की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. कोकणात त्या दिवसांत कोण उत्साह असतो! मीही लहानपणापासून पिशवी घेऊन धावलो आहे आणि गाबोळीने भरलेला मासा मिटक्या मारीत खाल्ला आहे. काका म्हणाले, "तुम्ही गड चढता तेव्हा कुणी वरून दगड लोटत नाही. तो बिचारा चढतो, तर आपण वाटेतच धरतो. चार धरा, पण वाटच अडवू नका." यावर वाद घालता येईल. चढणीचा मासा ही कोकणातल्या गरिबाची वर्षातून एकदा येणारी मेजवानी आहे. पण ती त्याची गरज आहे आणि आमची हौस, एवढा फरक तरी आम्ही मानला पाहिजे.

चार तासांत आम्हांला तीन मासे मिळाले. त्यातला वीतभराहून लहान रोहू परत सोडावा लागला. दोन गऱ्या झुडपाला अडकल्या. उरलेल्या एका मरळीचे आणि एका कटल्याचे आमसूल घालून कालवण केले. पाच जणांत ते पुरले, कारण आजीने नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. एवढे चविष्ट जेवण मी दुसरे केलेले नाही.

दुसऱ्या दिवशी घेरा रसाळगडाहून गड चढलो. झोलाईच्या देवळात टेकलो, जागोजाग पडलेल्या तोफा पाहिल्या. सुमारगड आणि महिपतगड एका ओळीत समोर दिसत होते. तिन्ही गड एका दमात करायचे, अशी आमची बढाई होती. पण ऊन चढले आणि सुमारगडाचा कातळ वाटाड्यावाचून करू नये, असे सगळ्यांनीच बजावले होते. आम्ही एकाच गडावर समाधान मानले. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी होती. तिच्यापलीकडे शिवसागर असणार. गेल्या वर्षभर मी त्याच्याकडे मनात फक्त एक सहलीचे ठिकाण म्हणून पाहत होतो. त्या दिवशी प्रथमच वाटले, की तिथे कुणाचे तरी अंगण आहे.

माझे म्हणणे भटकंती बंद करा, असे मुळीच नाही. ज्याने डोंगरात रात्र काढली नाही त्याचे शिक्षण अपुरे राहिले, असे मी आजही मानतो. माझे म्हणणे इतकेच : नागेश्वर-वासोट्याला जायचे तर रीतसर परवानगीने, दिवसा आणि गरीवाचून जाऊ. मुक्काम आणि मासे हवे असतील तर आपल्याच जिल्ह्यात तळी आहेत, गड आहेत. तिथल्या सोसायटीला विचारून, पैसे भरून, वाडीतलाच वाटाड्या घेऊन जाऊ. लहान मासा सोडू, पहिल्या पावसात गरी घरी ठेवू. आणि कायदा बदलावा असे वाटत असेल, तर तो आपल्यासाठी नव्हे, आजीच्या भावाच्या नातवासाठी बदलावा, असे उघडपणे मागू. त्या पाण्यावर नाव चालवायचा, मासेमारीचा, पाहुणे ठेवायचा पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो विचारायला रात्री लपून जावे लागत नाही.

प्राध्यापकवर्गालाही एक विनंती आहे. इतिहास आणि भूगोल विभागांनी सहलीआधी एक तास या खोऱ्यासाठी द्यावा. मराठी विभागाने अशा आजींची माहेरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यायचे काम आम्हां विद्यार्थ्यांना लावावे. त्या ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. हे काम पुढच्या वार्षिकांकापर्यंत लांबवण्यासारखे नाही.

बाकी यंदाच्या बेताबद्दल कँटीनमधल्या मित्रांना एवढेच सांगतो : मी येणार आहे. पण बामणोलीच्या बाजूने, कागद घेऊन. आजीने मला एक काम सांगितले आहे. लाँच मध्यावर आली, की तिच्या नावाने पाण्यात एक नारळ सोडायचा आहे. कुठे सोडायचा म्हणून विचारले, तर म्हणाली, "कुठंबी सोड. समदं आमचंच व्हतं."